ते साठ दिवस आईचे आहेत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा सूचना आणि नावात बदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, अधूनमधून एक लहानशी चौकट येते. वर ‘आवाहन’ असा मथळा असतो. खाली डोळे मिटलेल्या तान्ह्या बाळाचा काळपट फोटो आणि चार ओळी: अमुक तारखेला अमुक ठिकाणी हे बालक सापडले, पालकांनी किंवा नातेवाइकांनी मुदतीत संपर्क साधावा. बहुतेक जण पान उलटतात. माझं काम अशा बाळांच्या आयांशी बोलण्याचं, त्यामुळे मला ते जमत नाही. दर वेळी वाटतं, या बाईला कुणीतरी वेळेवर चार शब्द सांगितले असते तर ही जाहिरात छापायची वेळ आली नसती. ते चार शब्द आज इथे सांगते. तुमच्या घरात असा प्रसंग नसेल, नसूच दे. पण तुमच्या वाड्यात, चाळीत, ऊसतोडीच्या फडावर, कामाला येणाऱ्या बाईच्या घरी तो कधी उभा राहील याचा नेम नाही, आणि तेव्हा सांगणारं माणूस तुम्हीच असाल.

पहिली गोष्ट. बाळ सांभाळता येत नसेल तर ते सरकारच्या हाती सोपवण्याचा रीतसर मार्ग कायद्यात आहे आणि तो गुन्हा नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये तो दिलेला आहे. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी, जी आईबापांच्या हाताबाहेरची आहेत, मूल वाढवणं शक्य नसेल तर त्यांनी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे यावं, समिती चौकशी करील, समजावून सांगील, आणि खात्री पटली तर समर्पणपत्रावर सही घेईल. कागदोपत्री हे ‘समर्पण’. दवाखान्यात आणि संस्थांमध्ये सगळे ‘सरेंडर’च म्हणतात.

बाळ गुपचूप कुठेतरी ठेवून निघून जाणाऱ्या बाईला वाटतं की अशानं कुणाला काही कळणार नाही. होतं नेमकं उलटं. सापडलेलं बाळ म्हणजे ‘परित्यक्त’. त्याची पोलिसांत नोंद होते, आईबापांचा शोध घ्यावा लागतो, फोटो वर्तमानपत्रात येतो. समर्पण केलेल्या बाळाची जाहिरात द्यायची नाही असं दत्तक नियमावलीच सांगते. अविवाहित आई असेल तर पूर्ण समितीपुढे उभं न करता एकाच सदस्यापुढे, शक्यतो बाई सदस्यापुढे, तिचं म्हणणं ऐकावं अशी तरतूद आहे. बाळाची किंवा त्याच्या घरच्यांची ओळख छापणं, दाखवणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. अब्रू झाकायची म्हणून जी बाई रात्री उकिरड्याकडे जाते, तिची अब्रू झाकणारा रस्ता समितीच्या दारातून जातो. हे तिला कुणी सांगतच नाही.

आणि जिच्या हातून बाळ आधीच कुठेतरी ठेवलं गेलं आहे, तिच्यासाठीही एक वाक्य कायद्यात आहे. कलम ७५ मुलांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा सांगतं, पण त्याच कलमाच्या परंतुकात म्हटलं आहे की जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून टाकलं असं धरू नये आणि हे दंडाचं कलम लावू नये. भारतीय न्याय संहितेत मूल उघड्यावर टाकण्याचं कलम वेगळं आहे, कलम ९३, आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून सांगते, टाकू नका, सोपवा. पण टाकलं गेलंच असेल तर घाबरून लपून राहू नका. वकील घेऊन समितीपुढे या. वकिलाला पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा.

आता मूळ मुद्द्यावर येते. समर्पणपत्रावर सही झाली म्हणजे सगळं संपलं, असं बायकांना वाटतं. त्यांच्याबरोबर आलेल्यांनाही तेच वाटतं, किंबहुना तेच हवं असतं. कायदा म्हणतो, सहीनंतर दोन महिने फेरविचारासाठी. त्या मुदतीत बाळ परत मागता येतं. तोवर बाळ दत्तकासाठी ‘मुक्त’ जाहीर करता येत नाही, आणि मुक्त झाल्याशिवाय ते कुणाच्या मांडीवर जाऊ शकत नाही. मुदत सहीच्या तारखेपासून मोजायची, जन्मापासून नाही. या काळात सहा वर्षांखालचं मूल विशेष दत्तक संस्थेत असतं. समितीला योग्य वाटलं तर देखरेखीखाली ते आईबापांकडेच राहू देता येतं.

एक मुलगी आठवते. एकोणीस वर्षांची, कंपनीत पॅकिंगला जाणारी. बरोबर आत्या. बाळ अकरा दिवसांचं, फिक्या पिवळ्या दुपट्यात. समितीच्या खोलीत फायबरच्या खुर्च्या आणि खडखडणारा पंखा. ती मान खाली घालून बसलेली. दुधानं तिचा कुर्ता समोरून भिजला होता आणि आत्या पुन्हा पुन्हा तिची ओढणी पुढे ओढत होती. प्रश्न मुलीला विचारला की उत्तर आत्या द्यायची. शेवटी बाई सदस्यांनी आत्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर मुलीनं एकच विचारलं, “दुपटं ठेवून घेतील ना? ते मी शिवलंय.”

सही झाली. समर्पणपत्राची एक प्रत तिच्या हातात दिली, कारण ती देणं बंधनकारक आहे. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, फाडून टाक तो कागद, घरात सापडला तर. मी मुलीला म्हटलं, फाडू नकोस. घरी ठेवायची भीती वाटत असेल तर माझ्या कार्यालयात पाकिटात ठेवू, पण तारीख पाठ करून जा. त्रेपन्नाव्या दिवशी ती एकटी आली, एसटीनं, आत्याला न सांगता. दोन तास बसली. बाळाचं वजन विचारलं. मग म्हणाली, ताई, मी परत नेणार नाही, पण मला विचार करायला मिळाला. त्या वाक्यासाठीच हे साठ दिवस आहेत. बाळ परत नेणाऱ्या बायका असतात, न नेणाऱ्याही असतात. निर्णय कुठलाही असो, तो तिच्या तोंडून यायला हवा.

हा विचार आपल्याकडे आज आलेला नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना तिथे गुप्तपणे बाळंत होता यायचं, आणि मूल बरोबर न्यायचं की तिथे ठेवायचं हे त्या बाईच्याच मर्जीवर सोडलेलं होतं. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुल्यांनी पुढे दत्तक घेतलं, तोच यशवंत. फुल्यांनी मूल घेतलं हे आपण शाळेत शिकतो. देणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, हेही मुलांना शिकवायला हवं.

सही कुणाची लागते, हे नीट समजून घ्या, कारण घोळ इथेच होतो. नवरा-बायकोचं मूल असेल तर दोघांच्या सह्या लागतात. एक जण वारला असेल तर मृत्यूचा दाखला. एकाचा पत्ताच लागत नसेल तर ते मूल परित्यक्त धरून पुढची चौकशी होते. लग्नाबाहेरचं मूल असेल तर समर्पण फक्त आई करू शकते. आई स्वतःच अठरा वर्षांच्या आतली असेल तर बरोबरचा मोठा माणूस साक्षीदार म्हणून सही करतो. साक्षीदार म्हणून, तिच्या जागी नाही. अशा वेळी दवाखान्याला पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, हेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात पोलीस दिसल्यावर घरचे बिथरून मुलीला पळवून नेणार नाहीत. आणि आजी, आजोबा, मामा, भाऊ यांच्यापैकी कुणीही आईच्या वतीनं बाळ ‘देऊ’ शकत नाही. ती झोपलेली असताना, टाके ओले असताना, तिला न विचारता बाळ उचलून नेणं म्हणजे समर्पण नव्हे.

केरळात २०२१ साली याच कारणावरून मोठा गहजब झाला. एका तरुण आईनं उघडपणे सांगितलं की तिचं तान्हं बाळ तिच्या घरच्यांनी तिच्या मनाविरुद्ध काढून दिलं. बाळ तोवर आंध्र प्रदेशातल्या एका जोडप्याकडे दत्तकपूर्व संगोपनात गेलं होतं. ती रस्त्यावर बसली, तक्रारी केल्या, अखेर डीएनए तपासणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं बाळ तिच्या हाती दिलं. मला त्या आईइतकीच त्या आंध्रच्या जोडप्याचीही आठवण येते. त्यांचा काय गुन्हा होता? त्यांनी रांगेत उभं राहून, सगळे कागद देऊन मूल घेतलं होतं. आईला विचारायचं टाळलं की दोन घरं मोडतात.

म्हणून दत्तक घेऊ पाहणाऱ्यांनाही हात जोडून सांगते. जन्मदात्या आईचे हक्क म्हणजे तुमच्या वाटेतला अडथळा आहे असं समजू नका. तिचे साठ दिवस पुरे झालेले असणं, तिच्या सहीची नोंद असणं, हाच तुमच्या कागदाचा भक्कम पाया आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा आहे. तो आदेश झाला की मूल सर्वार्थानं तुमचं आणि जन्मघराशी असलेलं त्याचं कायदेशीर नातं संपतं. तिथपर्यंत धीर धरा. कुणी ‘ओळखीतून लवकर करून देतो’ म्हणालं तर त्या माणसाच्या सावलीलाही उभं राहू नका.

हा ‘ओळखीतून’ प्रकार कसा चालतो ते मी जवळून पाहिलं आहे. एका खाजगी नर्सिंग होममध्ये एक बाई बाळंत झाली. भरतीच्या कागदावर नाव दुसऱ्याच बाईचं होतं, जी बाळ घेणार होती तिचं. म्हणजे जन्मदाखल्यावर थेट घेणारीचं नाव चढणार, दत्तकाचा प्रश्नच नको. बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी रिक्षात बसवून दिलं, हातात पाकीट, वर साडीचोळी. पाच महिन्यांनी ती बाळ बघायला मिळेल का विचारत आली तेव्हा तिच्याकडे आपण बाळंत झाल्याचा एकही कागद नव्हता. साठ दिवस कुठून मोजायचे? तिला मी काय उत्तर दिलं ते आठवलं की अजून घास उतरत नाही, कारण उत्तर नव्हतंच.

स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर करारनामा केला म्हणजे दत्तक झालं, ही समजूतही अशीच घातक आहे. कलम ८० खाली, रीत सोडून अनाथ, परित्यक्त किंवा समर्पित मूल दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैसे घेऊन मूल विकलं-विकत घेतलं तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड. दवाखान्यातली ज्यांच्या ताब्यात मूल असतं अशी माणसं त्यात असतील तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. नर्सताई, मावशी, आयाबाई, तुमच्यातल्या कितीतरी जणी केवळ दयेपोटी मध्ये पडतात, हे मला माहीत आहे. एका घरी पाळणा हलत नाही, दुसऱ्या घरी पोर जड झालंय, जोडून देऊ, पुण्य लागेल. दया असू द्या. पण ती १०९८ वर फोन करून दाखवा.

घरातल्या घरात मूल देण्याची चाल आपल्याकडे जुनी. थोरल्या जावेला मूल नाही, धाकटीला तिसरं झालं, सासूबाई म्हणतात दे तिच्या ओटीत. यात वाईट काही नाही, कितीतरी मुलं अशी आनंदात वाढली. पण बायांनो, यातही तुमचा शब्द मोजला जातो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. त्यात पूर्वी मूल देण्याचा हक्क बापाचा होता, आईची नुसती संमती लागायची. २०१० च्या दुरुस्तीनं दोघांचा हक्क सारखा केला आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देता येत नाही. दत्तहोम झाला का नाही हे गौण. प्रत्यक्ष देणं आणि घेणं व्हावं लागतं. आणि एकदा रीतसर दिलं की परत घेता येत नाही, पुढे जावाजावांत बिनसलं, वाटण्या झाल्या तरी. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराच्या मालमत्तेतला पुढचा वारसा संपतो, आधीच त्याच्या नावे झालेलं मात्र त्याच्याकडेच राहतं. तेव्हा दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. ‘घरातलंच आहे’ म्हणून तोंडी ठेवू नका. मूल दिल्याबद्दल पैसे किंवा जमीन घेणं या कायद्यातही शिक्षेस पात्र आहे.

देण्याचा विचार पैशामुळे असेल, तर सही करण्याआधी एक चौकशी कराच. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एकच पालक असलेल्या किंवा आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत, त्याला उत्पन्नाची अट आहे. विधवा, टाकलेल्या, एकट्या पडलेल्या आयांची मुलं यात बसतात. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार खरी आहे आणि मीही ती रोज ऐकते. तरी अर्ज भरा. समर्पण टाळता येतं का हे पाहणं, बाळ ठेवून घ्यायला आईला बळ देणं, हे समितीचं आणि दत्तक संस्थेचं नियमानंच काम आहे. ते त्यांनी केलं नाही तर त्यांना विचारा.

आणि बाप कोण हे सांगायचं नसेल म्हणून बाळ देत असाल, तर तेही कारण उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं की अविवाहित आई वडिलांचं नाव न सांगता मुलाची पालक होऊ शकते, आणि एकट्या आईनं मागितला तर प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा लागतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेच्या खिडकीवर कुणी ‘वडलांचं नाव आणा’ म्हणून परत पाठवलं, तर या निकालाची आठवण करून द्या. मी दोनदा दिली आहे. दोन्ही वेळा दाखला मिळाला.

पुढचं एक आजच सांगून ठेवते. तुमचं मूल मोठं होऊन तुम्हाला शोधत येऊ शकतं. सही घेताना ही गोष्ट आईला सांगायची असते, अनेकदा घाईत राहून जाते. अठरा वर्षांनंतर दत्तक मुलाला आपलं मूळ शोधण्याचा अर्ज करता येतो. त्याआधी दत्तक पालकांबरोबर. पण तुम्ही सही करतानाच ‘माझी ओळख गुप्त ठेवा’ असं सांगितलं असेल, तर तुमची संमती विचारल्याशिवाय तुमचं नाव दिलं जात नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मुलाला फक्त कारण आणि परिस्थिती सांगतात. तिसऱ्या कुणाला हा शोध घेता येत नाही. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथून परदेशी दत्तक गेलेली मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यातले काही जण जुना फोटो आणि एखाद्या संस्थेचा पत्ता घेऊन महाराष्ट्रात येतात. तेव्हाच्या सैल कारभारामुळेच एका वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात दत्तकाचे पहिले कडक नियम घालून दिले. त्या माणसांना बहुधा भांडायचं नसतं. आपल्याला कुणी टाकलं की कुणी हातानं सोपवलं, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून समर्पणाच्या वेळी कारण विचारलं की खरं कारण लिहून द्या. ‘घरगुती अडचण’ असे दोन शब्द लिहू नका. चार ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, तिथल्या विधी सेवा वकिलानं मदत करायची आहे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढंच, बाळ सापडलं तर घरी ठेवून घेऊ नका, व्हॉट्सॲपवर फोटो टाकू नका. चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस ठाणं किंवा समितीला कळवणं कायद्यानं तुमच्यावर आहे. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. बातमीदारांनी ‘निर्दयी माता’ हा मथळा एकदाचा बंद करावा. ती निर्दयी होती की बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी तापानं फणफणलेली, एकटी होती, हे मथळा देणाऱ्यानं पाहिलेलं नसतं.

बालकल्याण समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. समिती बसलेली नसेल, सुटी असेल, तर एका सदस्यापुढेही मूल नेता येतं. जाताना ओळखीचा कुठलाही कागद असेल तर न्या, नसेल तरी जा. बरोबर येणाऱ्या नातेवाइकाला बाहेर बसायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे, सदस्य विसरले तर तुम्ही सांगा. परत निघण्याआधी समर्पणपत्राची प्रत मागून घ्या आणि तिच्यावरची तारीख वाचून घ्या. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, दोनदा.